कपाटातले स्पीकर

पेद्दागुडम, ता. अहेरी
२० जुलै २००३

श्री. कमरुद्दीन शेख, टीव्ही दुरुस्ती, घुग्घुस यांस,

सप्रेम नमस्कार. आपणांस पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या शाळेस शासनाकडून एक संगणक प्राप्त झालेला असून सदर संगणकाच्या संदर्भात...

जाऊ दे. दोन ओळी लिहिल्या अन् माझंच मले हसू आलं. आरमोरीत आपण एका बाकावर बसलो, एकच पाटी थुंकून पुसली, अन् आता तुले 'आपणांस' म्हणू? सहा वर्षं आपलं बोलणं नाई हे खरं आहे. तरी जसा बोलतो तसाच लिहितो. वाचायचं तर वाच, नाई तर चुलीत घाल. मी सोमाजी, अक्षरावरून ओळखलंच असशील.

काम असं आहे. संगणक फेब्रुवारीत आला अन् जूनपर्यंत खोक्यातच होता. इथला मुख्याध्यापक मी, डेडस्टॉकच्या, म्हणजे शाळेच्या सामानाच्या, रजिस्टरावर सही माझी. काही बिघडलं तर कोणाच्या मानेवर येते हे सत्तावीस वर्षांच्या नोकरीत शिकलो. पण शाळा उघडली अन् वरून कागद आला, 'खेळातून शिक्षण'. सोबत गणिताची सीडी. चौथीच्या पोट्ट्यांले रोज अर्धा तास त्यावर बसवा म्हणे. आता बोल! ज्या माणसानं अहेरीच्या बाजारातलं तुझं व्हिडिओ गेमचं दुकान बंद पाडलं, तोच आता शाळेत पोट्ट्यांले गेम लावून देऊन राह्यला. हस, हस. मीच हसतो तर तू काऊन नाई हसणार.

गेम म्हणजे पडद्यावर एक तळं अन् दोन बेडूक. एक आकडा येते, तो दाबला की बेडूक पुढच्या पानावर उडी मारते. दोघं दोघं बसतात. ज्याचा बेडूक आधी काठाले लागला तो जिंकला. सीडीच्या डब्यावर लिहिलं आहे 'बोलते गणित', पण आमचं गणित मुकं आहे. सोबत आलेले दोन स्पीकर मी कपाटात कुलुपात ठेवले, प्लास्टिकसुद्धा काढलं नाई. पोट्ट्यांनी जाळीत बोटं घातली तर? आता ४ ऑगस्टले केंद्रप्रमुख साहेब येणार. स्पीकर लावलेले दिसले पाहिजेत. यंत्राच्या मागं भोकंच भोकं आहेत, कोणत्या भोकात काय घालायचं ते कळव. अहेरीत विचारायले आता एकही टीव्हीवाला राहिला नाई. काऊन नाई राहिला हे तुले ठाऊक आहे अन् मलेही.

बस, एवढंच काम. दुसरं काही नाई.

प्रणित तुझ्याच दुकानात आहे ना? मी दर दिवाळीले अहेरीहून तुझ्या शेजारच्या पीसीओवर फोन लावतो. नाव सांगत नाई, नुसतं प्रणितले बोलवा म्हणतो. माझ्या गुणाबाईलेही हे माहीत नाई, घरात त्याचं नाव काढायचं नाई हा माझाच हुकूम आहे. पोरगा येते, फोन घेते. जेवला का, विचारलं तर हां. घरी ये म्हटलं तर हां, हां. अन् ठेवून देते. सहा दिवाळ्या झाल्या, सहाही वेळा येतो म्हणाला अन् एकदाही आला नाई. एवढी कशाची गुर्मी? माझा एकुलता एक पोरगा आहे, कमरूभाऊ. त्याले माझ्याशी बोलायचंच नाई का, एवढं एक तुले माहीत असेल तर लिही. मी विचारलं म्हणून त्याले सांगू नको.

सोमाजी


१० ऑगस्ट २००३

कमरूभाऊ,

तुझं उत्तर नाई आलं. ठीक आहे. मी तुझ्या जागी असतो तर मीही नसतं दिलं.

साहेब येऊन गेले. पहिले त्यांनी कपाट उघडायले लावलं. प्लास्टिकातले स्पीकर पाहून म्हणतात, "मास्तर, याची पूजा करता की काय?" मग स्वतःच हिरवी पिन हिरव्या भोकात घातली. झालं! एवढ्यासाठी मी तुले दोन पानं लिहिली. यंत्रातून एक बाई जोरात "सात!" म्हणाली अन् पोट्टे बाकड्यांवर चढले. दोन पोट्ट्या तर दाराबाहेर पळाल्या.

पण सांगायचं आहे ते वेगळंच. माझ्या चौथीत लटारूची रंभा आहे. लटारूचं धानाचं वावर शाळेच्या मागंच. पोट्टी मागच्या रांगेत बसते. हाक मारली तर पाहत नाई. सात अठ्ठे किती विचारलं तर म्हणते, "हो गुरुजी." सारा वर्ग हसते, अन् खोटं काऊन बोलू, मीही हसतो. तिच्या प्रगतिपुस्तकात मी दरवर्षी शेरा लिहीत आलो, 'मंद. लक्ष नाही.'

तर ही मंद पोट्टी जुलैपासून संगणकावर साऱ्यांले हरवून राह्यली होती. पाच आठवडे! ती बसली की समोरचा रडकुंडीले येत होता. सरपंचाचा नातू तर तिच्यासंगं बसायलेच तयार नव्हता. मी म्हटलं, असेल नशीब. गेममध्ये कायची अक्कल लागते?

अन् स्पीकर लागले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती हरून राह्यली. रोज हरते, ज्याच्या-त्याच्याकडून. सरपंचाचा नातू आता तिच्याचसंगं बसतो म्हणून हटून बसते.

मी दोन दिवस खुर्ची टाकून पाहत बसलो. त्या गेममध्ये बाई आकडा पहिले बोलते, अन् जराक थांबून तो पडद्यावर दिसते. मुकं होतं तेव्हा सारेच पाहून दाबत होते. आता बाकीचे ऐकून दाबतात. रंभा अजूनही पाहूनच दाबते.

हे पाहून मले एक जुनी गोष्ट आठवली. तुलेही आठवली असेल. आज नाई लिहीत.

सोमाजी


१७ ऑगस्ट २००३

कमरूभाऊ,

तुझ्या उत्तराची वाट न पाहताच लिहून राह्यलो.

गुरुवारी पोट्टे माना खाली घालून गणितं सोडवत होते. मधल्या सुट्टीले अजून वेळ होता. मी शेवटच्या रांगेच्या मागं जाऊन उभा राहिलो अन् साध्या आवाजात म्हटलं, "चला, सुट्टी झाली." एका झटक्यात तीस पोट्टे उठले. रंभा बसून. बाकडं हललं तेव्हा तिनं मान वर केली. साऱ्यांले पाहिलं अन् तीही उठली, पाटी बाजूले ठेवली, जसं काही तिनंही ऐकलंच होतं. चार वर्षं पोट्टीनं असंच निभावलं. केवढी हुशारी लागते त्याले! अन् मी तिले मंद म्हणत होतो.

आता ती जुनी गोष्ट. सत्त्याण्णवचा एप्रिल. प्रणितची दहावीची परीक्षा झाली होती अन् तो दिवसभर तुझ्या दुकानात पडून राहायचा. तू माझ्या घरी आला होता. मी तुले बसही म्हटलं नाई. तू दारातूनच सांगितलं, "यार मास्तर, माझ्या दुकानात दोन टीव्ही आहेत. एकाचा आवाज गेलेला आहे. त्या मुक्या टीव्हीवर प्रणितले कोणी हरवत नाई. आवाजवाल्या टीव्हीवर चिल्लर पोट्टे बी हरवतात. मागून रणगाडा येते तेव्हा पहिले घंटी वाजते, याले घंटीच समजत नाई. पोराचे कान दाखव."

अन् मी काय म्हटलं? "माझ्या पोराचे कान नाई, तुझी नियत खराब आहे. धंदा वाचवायले आला." आठ दिवसांत मी अर्ज केला. बेचाळीस पालकांच्या सह्या घरोघर फिरून मीच घेतल्या, पहिली सही माझी. तुझं दुकान उठलं, नजमाभाभीले अन् तुले घुग्घुससारख्या कोळशाच्या गावात जावं लागलं. जूनमध्ये निकाल लागला, प्रणित नापास. मी साऱ्यांले सांगत फिरलो, पाहा, मी म्हणत होतो ना. अन् तोच पोरगा पिशवी उचलून तुझ्याचकडे आला.

काल हे सारं मी गुणाबाईले सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाई तिचा. म्हणाली, "मले माहीत हाये. लहानपणापासून कान वाहे त्याचा. म्या तुमाले सांगतलं होतं. तुमी म्हणले, साऱ्याच पोट्ट्यांचे वाहते."

मी म्हटलं, "मग आता कसा आहे तो?" तर म्हणते, "समोर बसून बोलाव लागते. तोंडाकडे पाहून समजते त्याले."

"तुले कसं माहीत?"

"दर संक्रांतीले आरमोरीले माहेरी जातो म्हणतो ना म्या, तवा घुग्घुसले जातो."

घ्या! सहा वर्षं मी तिच्यापासून फोन लपवून राह्यलो अन् ती माझ्यापासून एसटी. मी रागवायले तोंड उघडलं, पण कोणत्या तोंडानं रागवू? उठलो अन् पेटीतून प्रणितचं चौथीचं प्रगतिपुस्तक काढलं. चौथीले तो माझ्याच वर्गात होता. शेरा माझ्या अक्षरात, 'मुलाचे लक्ष नाही.' खाली वर्गशिक्षकाची सही माझी. त्याच्या खाली पालकाची सही, तीही माझीच.

सोमाजी


१४ सप्टेंबर २००३

कमरूभाऊ,

रंभाले चंद्रपूरले नेऊन आणलं. लटारू तयारच नव्हता. म्हणे, "कान तं वाहतेच गुरुजी. गरम तेल टाकतो ना आमी. सारेच टाकतात." मी म्हटलं, "अरे, मीही माझ्या पोराच्या कानात तेच टाकलं, अन् आता तो माझ्याजवळ नाई." मग तो चपला घालून निघाला.

डॉक्टरीण बाईनं पाहिलं. कानाच्या दोन्ही पडद्यांले भोकं आहेत. तेल बंद, नदीत बुडी मारणं बंद, औषध सुरू. कान कोरडे झाले की ऑपरेशन होऊ शकते म्हणाल्या. तोवर पोट्टीले समोर बसवा अन् तिच्याकडे तोंड करून बोला.

हे ऐकायले सोपं वाटते. पण सोमवारी वर्गात गेलो तेव्हा समजलं, सत्तावीस वर्षं मी फळ्याकडे तोंड करून शिकवून राह्यलो. लिहिता लिहिता बोलतो. पाठ पोट्ट्यांकडे अन् आवाज भिंतीले. आता पहिले लिहितो, मग वळतो, मग बोलतो. अर्ध्या वेळा विसरतो. विसरलो की रंभा पाटी वर करते, तसं आमचं ठरलं आहे. परवा तासाभरात नऊ वेळा पाटी वर झाली. नवव्या वेळेले मी चिडलो, मग माझी मलेच लाज वाटली.

स्पीकर आता सोमवार, बुधवार, शुक्रवार कपाटात असतात. त्या दिवशी गेम मुका. सरपंचाचा नातू बोंबलते, बोंबलू दे.

आता मागच्या पत्रात जे गाळलं ते लिहितो. तू माझ्या घरी आला त्याच्या आदल्या दिवशी मी तुझ्या दुकानात आलो होतो. प्रणित आवाजवाल्या टीव्हीवर खेळून राह्यला होता. मी दारातून हाक मारली, एकदा, दोनदा, तीनदा. त्यानं वळूनही पाहिलं नाई. दुकानात दहा-बारा पोट्टे, सारे माझ्याकडे पाहून राह्यले. मले वाटलं, पोरगा बापाले मोजत नाई. मी आत शिरून त्याच्या डाव्या कानाखाली काढली. हात पूर्ण फिरला होता माझा. तो कान धरून खालीच बसला. तू मध्ये पडला अन् म्हणाला, "मास्तर, कानावर नको."

डॉक्टरीण बाईले मी बाहेर येऊन विचारलं, थापडेनं कान जाते का? त्या म्हणाल्या, कधी कधी जाते. कोणी मारलं, असं त्यांनी विचारलं नाई. अन् मीही सांगितलं नाई.

त्या थापडेनं गेला का रे त्याचा कान? तुले माहीत असेल. जे असेल ते लिही, मले सांभाळू नको. अन् तुझं मी जे केलं ते चुकलं. तू पोराचं भलं सांगायले आला होता, मी तुले चोर ठरवलं. माझं चुकलं, कमरूभाऊ. हे मी बेचाळीस जणांसमोरही म्हणायले तयार आहे, कुठी म्हणू ते सांग.

दिवाळी जवळ आली आहे. आता समजलं, जोरात बोलावं लागेल. बूथमध्ये ओरडून माफी मागीन त्याची. ऐकू दे अख्ख्या अहेरीले.

सोमाजी


५ ऑक्टोबर २००३

कमरूभाऊ,

तुझं कार्ड पोचलं. पोस्टमननं वाचतच आणलं. मी शाळेच्या ओट्यावर बसून वाचलं, मग गुणाबाईले वाचून दाखवलं, मग पुन्हा वाचलं. तू काय लिहिलं ते इथी उतरवून काढतो, म्हणजे मी बरोबर समजलो का ते तुलेही कळेल.

"मास्तर, सलाम. चारही खत मिळाले. गुस्सा होता म्हणून जवाब दिला नाही. थापडेचं खरं लिहितो. प्रणितचा कान आधीच खराब होता, डॉक्टरने पण तेच सांगितलं. पण थप्पड त्याला याद आहे. दुसरी गोष्ट, फोन करू नको. जोरात पण नको. त्याला फोनवर बिलकुल ऐकू येत नाही. दर दिवाळीला पीसीओवर कोणाचा तरी फोन येतो. लाजेने तो कोणाला सांगत नाही की ऐकू येत नाही, नुसतं हां हां करून ठेवतो. मग दोन दिवस धड जेवत नाही. मला विचारतो, चाचा, कोण असेल? मला तरी काय माहीत. आता समजलं, तू होता. कागदावर लिही. तुझं अक्षर तो ओळखतो. कमरुद्दीन."

सहा दिवाळ्या, कमरूभाऊ. मी तिकडं घरी ये, घरी ये म्हणून राह्यलो अन् त्याले एक शब्द गेला नाई. अन् मी अहेरीच्या बसस्टँडवर परतताना मनात म्हणत होतो, केवढा माजला पोट्टा.

गुणाबाई कार्ड ऐकून पदराले डोळे पुसत म्हणाली, "फोन करता हे मले सांगतलं असतं, तं म्या पहिल्याच दिवाळीले सांगतलं असतं." खरं आहे. घरात नाव काढायचं नाई हा हुकूम माझा.

तू 'गुस्सा होता' लिहिलं, 'आहे' नाई लिहिलं. ते मी तीनदा वाचलं.

सोबतचं पाकीट त्याचं आहे. बंद आहे. त्याच्या हातात दे.

तुझा सोमाजी


११ ऑक्टोबर २००३

चि. प्रणितले अनेक आशीर्वाद.

कमरूचाचाचं पत्र लिहून सहा दिवस झाले, पण त्याच्यासंगं द्यायचं हे पाकीट रोज फाडून राह्यलो, म्हणून दोन्ही आज एकदमच टाकतो. सत्तावीस वर्षं पोट्ट्यांले पत्रलेखन शिकवलं. दहा मार्कांचा प्रश्न असते. आज माझंच पत्र जमत नाई.

तुले दर दिवाळीले जो फोन येतो तो माझा होता. त्यात मी काय बोललो ते तुले ऐकू गेलं नाई, म्हणून इथी लिहितो. मोठं काही नव्हतं. जेवला का, असं विचारत होतो. तब्येत कशी आहे, विचारत होतो. आई तुझ्यासाठी करंज्या राखून ठेवते असं एका वर्षी सांगितलं होतं. अन् दरवेळी शेवटी म्हणत होतो, घरी ये. तू हां म्हणत होता, अन् मले वाटत होतं तू मुद्दाम येत नाई. तू फोन ठेवला की मी तुलेच शिव्या देत होतो. बरं झालं त्या तुले ऐकू नाई गेल्या.

तुझ्या कानावर मी मारलं. तुझी काही चूक नव्हती. मी तीन हाका मारल्या, त्या तुले गेल्याच नाई. अन् वर्गात माझ्याकडे लक्ष नाई म्हणून तुझ्यावर शेरा लिहिला. मी मास्तर होतो अन् बापही होतो, दोघांपैकी एकाच्या तरी ध्यानात यायले पाहिजे होतं. माफ कर म्हणायची माझी हिंमत नाई. ते तुझ्यावर आहे.

आमच्या शाळेत रंभा नावाची पोट्टी आहे, तुझ्यासारखीच. तिनं मले शिकवलं. आई सांगेल.

पुढच्या रविवारी, १९ तारखेले, सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं घुग्घुसले येऊन राह्यलो. तुझं चौथीचं प्रगतिपुस्तक सोबत आणतो. शेरा अजून खोडला नाई, तुझ्यासमोर खोडतो. तुले भेटायचं नसेल तर चाचाले सांग, मी बसस्टँडवरच बसतो, आई एकटी येईल. मले राग येणार नाई.

भेटायचं असेल तर तू रस्त्याकडे तोंड करून बस. मी समोरून येईन. मागून हाक मारणार नाई.

तुझा बाबा